वही दाखवा

लोखंडी आसाच्या दोन गाड्या, त्यांचे सगळे सामान आणि चार बैल, एवढा ऐवज एका रयताने कर्जापोटी सावकाराला विकला, असे दख्खन दंगे आयोगाच्या अहवालात छापलेल्या एका दस्तात आहे. दस्त मात्र खरेदीखत नाही, भाडेपत्र आहे. विकलेल्या त्याच गाड्या आणि तेच बैल रयताने त्याच कागदाने दरमहा चार रुपये भाड्यावर परत घेतले आहेत. बैल बहुधा दावणीवरून हललेही नसतील. पण दस्ताचे मर्म शेवटच्या अटीत आहे. भाडे भरले की सावकाराच्या हातची पावती घ्यायची, आणि पावती नसेल तर भाडे भरले होते असा दावा आपण करणार नाही, हे रयत स्वतःच लिहून देतो. पावती लिहिणार सावकार, ती द्यायची की नाही हे ठरवणारही सावकार, आणि ती नसल्याचा भुर्दंड रयताला.

आजच्या भाषेत ज्याला क्रेडिट रिपोर्ट म्हणतात आणि खेड्यात सरसकट ‘सिबिल’ म्हणतात, त्याचा इतिहास लिहायचा तर सुरुवात संगणकापासून नव्हे, या अटीपासून करावी लागते. आपल्या नावावर नेमके किती कर्ज आहे हे ज्याच्या नावावर ते आहे त्यालाच कळू नये, अशी व्यवस्था या भागात फार जुनी आहे. ती कशी होती, कुठे मोडली आणि कुठे शाबूत राहिली, हे कागदांवरून जुळवून पाहण्याचा हा प्रयत्न आहे. जागा निवडली आहे लिंबागणेश. मांजरसुंब्याहून पाटोद्याकडे निघाले की बालाघाटच्या पठारावर लागणारे, भालचंद्र गणपतीच्या देवळामुळे ओळखले जाणारे बीड तालुक्यातले हे गाव. सोयाबीन, कापूस, तूर आणि दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जाणाऱ्या गाड्या, हा इथला हिशेब.

१८७५ साली दंगे झाले तेव्हा हे गाव निजामाच्या राज्यात होते. पाटोदा ओलांडून पुढे गेले की जामखेड, आणि जामखेड इंग्रजांचे, नगर जिल्ह्यातले. पाऊस दोन्हीकडे सारखाच बेभरवशाचा, ज्वारी-बाजरी सारखीच. कायदा मात्र दोन राज्यांचा वेगळा. लिंबागणेशच्या कर्जदाराला काय मिळाले नाही, हे समजायचे तर सरहद्दीपलीकडे काय मिळाले ते आधी पाहायला हवे.

त्या बाजूचा एक कागद या सरहद्दीपासून फारसा लांबचा नाही. कर्जत तालुक्यातल्या मिरजगावच्या एका रयताने नगरच्या कलेक्टरला केलेला अर्ज आयोगाच्या कागदपत्रांत आहे. घरखर्च भागत नाही म्हणून सावकारापुढे हात पसरावा लागतो, असे अर्जदार सांगतो. रोखीच्या गिऱ्हाइकाला जो भाव, त्यापेक्षा पंचवीस ते पन्नास टक्के चढ्या भावाने कापड आणि धान्य गळ्यात मारले जाते. आणि मग मुख्य गाऱ्हाणे येते: शेतातला माल सावकार उचलून नेतो, नेताना तो खात्यावर जमा धरू म्हणतो, प्रत्यक्षात वहीत ओळही लिहीत नाही आणि पावती मागितली तर देत नाही. व्याजाच्या दराबद्दल रयत कुरकुरतोच, पण त्याचा राग जास्त आहे तो न केलेल्या नोंदीवर.

हे कागद वाचताना एक सावधगिरी हवी. आयोग सरकारने नेमलेला होता आणि दंगे सरकारी साऱ्यामुळे झाले का, हे तपासणे त्याच्याकडे सोपवलेले होते. निष्कर्ष अपेक्षेप्रमाणेच निघाला: दोष साऱ्याचा नाही, सावकाराचा. तेव्हा सावकाराविरुद्धची कागदपत्रे अहवालात भरभरून आली यात नवल नाही. हा तिरपेपणा लक्षात ठेवूनही दस्त खोटे ठरत नाहीत. भाडेपत्रातली पावतीची अट आयोगाने रचलेली नाही. ती सावकाराच्या सोयीसाठी लिहिली गेली आणि सावकाराच्याच विरुद्ध पुरावा होऊन उरली.

कर्ज फुगायचे कसे, याची किल्ली एका कायद्यात आहे. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्याला तीन वर्षांची मुदत घातली. तीन वर्षांत दावा लावा, नाहीतर हक्क गेला. रयतेवर जुन्या कर्जाचा डोंगर साचू नये असा त्यामागे विचार होता. सावकाराने त्यावर सोपा तोडगा काढला. मुदत भरत आली की जुना रोखा फाडायचा आणि मुद्दल अधिक व्याज मिळून नवा रोखा लिहून घ्यायचा. कालचे व्याज आजचे मुद्दल झाले. शंभर रुपये, दरमहा शेकडा तीन रुपये दोन आणे, असा दर धरून गणित करून पाहा. तीन वर्षांनी व्याज होते ११२ रुपये ८ आणे, म्हणजे नवा रोखा २१२ रुपये ८ आण्यांचा. असे चार वेळा केले की बाराव्या वर्षी आकडा २,०३९ रुपयांवर जातो. आयोगाकडे केलेल्या एका अर्जात रयताने याच दराचे उदाहरण दिले आहे आणि दर नूतनीकरणात थोडे जादा दिवस धरले आहेत. त्यात नुसते व्याजच २,०२८ रुपयांच्या वर गेले आहे.

लिंबागणेशच्या शेतकऱ्याला हे वाचून परके वाटणार नाही. मार्च महिन्यात बँकेत ‘नवं-जुनं’ करून घेणे म्हणजे काय, ते त्याला पाठ आहे. हातउसने आणून किंवा नुसते कागदोपत्री जुने पीककर्ज भरलेले दाखवायचे, त्याच दिवशी थोडे वाढवून नवे उचलायचे. दर फार वेगळा आहे, सरकारी व्याजसवलत आहे, बँक सावकार नाही; हे सगळे खरे. तरी कर्ज फिटत नाही, फक्त त्याची तारीख बदलते, एवढे साम्य उरतेच.

१२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातल्या सुपे या बाजाराच्या गावी रयत जमली आणि सावकारांच्या दुकानांवर चालून गेली. पुढच्या आठवड्यांत पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या तीसहून अधिक गावांत तेच घडले. रयतेने मागितले काय, तर खतपत्रे आणि वह्या. मिळाल्या त्या जाळल्या, जिथे मिळाल्या नाहीत तिथे घरांना आगी लागल्या. सावकारांच्या जिवावर उठण्याचे प्रकार त्या मानाने थोडे. वही जळाली म्हणजे कर्ज संपले, हा हिशेब भाबडा होता असे पुष्कळांनी लिहिले आहे. मला तो तसा वाटत नाही. ज्या कर्जाचा दुसरा कुठलाही पुरावा नाही, पावती नाही, उतारा नाही, ते कर्ज खरोखरच त्या एका वहीत होते. जाळणाऱ्यांना कायदा बरोबर कळला होता.

चार वर्षांनी, १८७९ साली, दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी. कर्जापायी शेतकऱ्याला होणारी कैद त्याने बंद केली, त्यामुळे तो लक्षात राहिला. रोख्यावरचा आकडा मुकाट्याने न स्वीकारता न्यायाधीशाने व्यवहाराच्या पहिल्या दिवसापासून हिशेब उकलावा, मुद्दल आणि व्याज वेगळे धरावे, व्याजावर व्याज चढवू नये, ही कलमेही वकिलांच्या तोंडी राहिली. त्यामानाने दुर्लक्षित राहिली ती कलमे १६ आणि ६४ ते ६६. कलम १६ प्रमाणे शेतकरी स्वतः कोर्टात जाऊन विचारू शकत होता: माझ्याकडे अजून किती येणे आहे ते ठरवून द्या. तोवर कोर्टाची पायरी सावकार चढायचा आणि रयत समन्स आल्यावर जायचा. कलम ६४ ने पैसे घेणाऱ्यावर पावती देण्याचे बंधन घातले, देणारा मागो वा न मागो. कलम ६५ ने कर्जदाराला वर्षातून एकदा, मागणी केल्यावर, त्या तारखेपर्यंतचा हिशेब मिळण्याचा हक्क दिला. कलम ६६ ने पासबुक दिले. ही कलमे मोडणाऱ्या सावकाराला दंड होता.

वर्षातून एकदा, मागितल्यावर, आपल्या कर्जाचा उतारा. रिझर्व्ह बँकेने २०१७ पासून हाच हक्क पुन्हा दिला, आणि तो नवाच आहे अशा थाटात आपण त्याच्याकडे पाहतो.

सरहद्दीच्या अलीकडे यातले काहीच नव्हते. निजामाच्या राज्यात सावकाराला परवाना आणि हिशेब ठेवण्याची सक्ती करणारा कायदा आला तो १३४९ फसलीत, म्हणजे १९३९-४० साली. जामखेडच्या शेतकऱ्याला कागदावर जे मिळाले, ते पाटोदा-लिंबागणेशच्या शेतकऱ्याला कागदावर मिळायला साठ वर्षे लागली. मध्ये दोन पिढ्या गेल्या. कागदावरचे गावात उतरते असेही नाही. पण कागदावरच नसेल तर मागायचे कशाच्या जोरावर?

सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी राजवट संपली आणि मग कागदांचा पूर आला. १३५८ फसलीचा हक्कनोंदणीचा कायदा, त्याच्या पोटी पहाणी पत्रक, आणि १९५४-५५ चे खासरा पत्रक. मराठवाड्यात आजही जमिनीचा वाद निघाला की वकील पहिल्यांदा खासरा पत्रकाची नक्कल मागतो. १९५६ साली हैदराबाद राज्याचा शेतकरी कर्जनिवारण कायदा झाला, त्याच वर्षी हैदराबाद राज्यच उरले नाही. १९७५ च्या आणीबाणीत महाराष्ट्राने अल्पभूधारक, भूमिहीन मजूर आणि ग्रामीण कारागीर यांची सावकारी कर्जे रद्द केली. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फत्तेचंद हिम्मतलाल खटल्यात तो कायदा वैध ठरवला.

तोवर सावकाराच्या वहीशेजारी दुसरी वही उभी राहिली होती, सरकारी आणि उघडी: सातबारा. गावच्या सोसायटीचे कर्ज घेताना सभासद जमिनीवर इकरार लिहून देतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४८ प्रमाणे त्या जमिनीवर संस्थेचा बोजा चढतो आणि फेरफार होऊन सातबाऱ्याच्या ‘इतर अधिकार’ रकान्यात बसतो. ही नोंद कुणालाही दिसते. तिची अडचण वेगळी आहे: ती चढते आपोआप, उतरवावी लागते मागे लागून. कर्ज फेडले, सोसायटीने बेबाकीचा दाखला दिला, तरी तो दाखला तलाठ्याकडे पोचून फेरफार मंजूर झाल्याशिवाय रकाना मोकळा होत नाही. बापाने फेडलेल्या कर्जाचा बोजा मुलाच्या वाटणीच्या वेळी सापडतो, तो असा.

याचा टोकाचा नमुना भूविकास बँकेचा. विहीर, मोटार, पाइपलाइन यांसाठी या बँकेने दीर्घ मुदतीची कर्जे दिली. बँक अडचणीत आली, अवसायनात गेली, शाखांना कुलपे लागली. सातबाऱ्यावरचा बोजा मात्र जागेवर. कर्ज देणारी संस्था मेली आणि तिची नोंद जिवंत राहिली. त्या शेतावर दुसरी बँक कर्ज द्यायला तयार होईना. शेवटी ऑक्टोबर २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ३४,७८८ शेतकऱ्यांकडची ९६४ कोटी १५ लाख रुपयांची थकबाकी माफ करण्याचा निर्णय घेतला, तेव्हा हे बोजे उतरण्याची वाट मोकळी झाली.

जुन्या थकबाकीला मुदत लागते, तीन वर्षे गेली की बँक काही करू शकत नाही, असे पारावर ठासून सांगणारे भेटतात. हे अर्धेच खरे आहे. १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे साध्या कर्जाच्या दाव्याला तीन वर्षे, गहाणाच्या दाव्याला बारा. मुदत संपण्याआधी कर्जदाराने लेखी कबुली दिली किंवा थोडीशी रक्कम भरून तशी नोंद झाली, की कलम १८ आणि १९ प्रमाणे मोजणी पुन्हा पहिल्यापासून. मुदत संपल्यावरही त्याने देण्याचे लेखी वचन दिले तर करार कायद्याच्या कलम २५(३) ने ते वचन बांधते. ‘काही नाही, बाकी बरोबर आहे एवढीच सही करा’ म्हणून वसुली अधिकारी जो कागद पुढे करतो, त्याची किंमत ही आहे. १८७५ च्या सावकाराला नवा रोखा लागायचा. आता एक सही पुरते.

सोसायटीच्या बाबतीत तर पारावरचा सल्ला घातकच. सहकार कायद्याच्या कलम ९२ प्रमाणे सभासदाकडच्या येण्याची मुदत मोजायची ती तो मेल्यापासून किंवा त्याचे सभासदत्व संपल्यापासून. म्हणजे जिता सभासद आणि सोसायटीचे थकीत कर्ज, यांच्यात मुदतीचा प्रश्नच येत नाही. वर कलम १०१ चा वसुली दाखला आहे, त्याला दिवाणी दावा लागत नाही. हे माहीत नसल्यामुळे वीस वर्षांपूर्वीचे सोसायटीचे कर्ज ‘बुडाले’ समजून निर्धास्त राहिलेली माणसे या तालुक्यात शोधावी लागत नाहीत.

मग कर्जमाफ्या आल्या. २००८ च्या केंद्राच्या योजनेत ३१ मार्च २००७ पर्यंत दिलेली आणि ३१ डिसेंबर २००७ रोजी थकीत असलेली कर्जे धरली होती. दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला पूर्ण माफी, बाकीच्यांना उरलेली रक्कम भरल्यास पंचवीस टक्के सूट. माफीनंतर बँकेने शेतकऱ्याला तसे प्रमाणपत्र द्यायचे आणि पोच घ्यायची, असा नियम होता. महालेखापरीक्षकांनी २०१३ च्या अहवालात या योजनेची कागदपत्रे तपासली, तेव्हा ६१,७९३ खात्यांपैकी २१,१८२ खात्यांत प्रमाणपत्र दिल्याची पोच किंवा दुसरा कुठलाही पुरावा सापडला नाही. तीन खात्यांमागे एकाहून जास्त. ज्याचे कर्ज माफ झाले त्याच्या हातात, ते माफ झाल्याचा कागद नाही. आयोगासमोर आलेल्या भाडेपत्रात पावतीची जी गत होती, ती इथे सरकारी पैशाने आणि सद्‌हेतूने झाली.

राज्याची २०१७ ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना ऑनलाइन अर्ज आणि हिरव्या यादीने ओळखली गेली. दीड लाखापर्यंत माफी, त्यावरच्या थकबाकीला वरची रक्कम आधी भरण्याची अट. २०१९ च्या महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजनेत १ एप्रिल २०१५ ते ३१ मार्च २०१९ या काळातली, ३० सप्टेंबर २०१९ ला थकीत असलेली दोन लाखांपर्यंतची कर्जे आली. याद्या गावात लागल्या, विशिष्ट क्रमांक आला आणि आधारवर अंगठा द्यावा लागला. याद्यांमुळे एक फायदा झाला: आपले कर्ज बँकेच्या पुस्तकात किती दिसते, हे अनेकांना पहिल्यांदाच यादीवर वाचून कळले.

तिसरी वही याच काळात तयार होत होती आणि ती गावात कुणी पाहिली नव्हती. सिबिल ही कंपनी २००० साली स्थापन झाली. बँकांना व्यक्तींची कर्जमाहिती ती २००४ पासून देऊ लागली. संसदेने २००५ मध्ये पतमाहिती कंपन्यांसाठी कायदा केला आणि आज देशात अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हायमार्क. कर्जदाराला स्वतःचा स्कोअर पैसे भरून मिळू लागला तो २०११ च्या सुमारास. जानेवारी २०१७ पासून प्रत्येक कंपनीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट देणे बंधनकारक झाले. वही लिहायला लागल्यापासून ती कर्जदाराला फुकट दिसेपर्यंत सुमारे तेरा वर्षे. १८५९ ते १८७९ शी तुलना केली तर प्रगतीच म्हणायची.

जुनी थकबाकी असलेल्या माणसाने हा अहवाल उघडला की नजर स्कोअरच्या आकड्यावर खिळते: ३०० ते ९०० मधला तो आकडा. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र खाली जावे, खात्यांच्या तपशिलात. प्रत्येक खात्याला कर्जाचा प्रकार आहे, उदाहरणार्थ किसान क्रेडिट कार्ड. मालकीचा रकाना आहे: वैयक्तिक, संयुक्त की जामीनदार. भाच्याच्या ट्रॅक्टरला दहा वर्षांपूर्वी दिलेली सही इथे सापडते. खाते उघडल्याची तारीख, शेवटचा भरणा कधी, शिल्लक किती, थकीत किती. त्याखाली महिन्यांची चौकट: शून्ये म्हणजे वेळेवर, आकडा म्हणजे तितके दिवस उशीर. काही बँका दिवसांऐवजी वर्गवारी लिहितात: एसटीडी म्हणजे नियमित, एसयूबी आणि डीबीटी म्हणजे बुडीताच्या वाटेवर, एलएसएस म्हणजे बुडीत. सोयाबीन-कापसासारख्या कमी मुदतीच्या पिकाचे कर्ज देय तारखेनंतर दोन हंगाम थकले की ते अनुत्पादक ठरते, आणि त्या महिन्यापासून चौकट बदलते. पावसाने दगा दिलेली वर्षे या चौकटीत ओळखू येतात. कारण मात्र लिहिलेले नसते.

दोन शेरे विशेष जपून वाचायचे. ‘रिटन ऑफ’ म्हणजे माफ नव्हे. बँकेने आपल्या ताळेबंदातून रक्कम काढली, वसुलीचा हक्क ठेवला. ‘सेटल्ड’ म्हणजे पूर्ण फेडले नव्हे. तडजोडीत बँकेने काही सोडले. एकरकमी तडजोड केलेला शेतकरी बेबाकीचा कागद घेऊन ताठ मानेने दुसऱ्या बँकेत जातो आणि तिथला अधिकारी पडद्यावरचा हाच शेरा बघून मान हलवतो. उरलेली रक्कम भरून खाते ‘क्लोज्ड’ करून घेता येते का, हे तडजोडीच्या पत्रावर सही करण्याआधी विचारायचे असते.

या वहीची उणीवही सांगायला हवी. गावच्या विविध कार्यकारी सोसायटीचे कर्ज बहुधा तिच्यात दिसत नाही, ते सातबाऱ्यावर. उलट मायक्रोफायनान्सचा बचतगटाच्या बाईच्या नावावरचा हप्ता सातबाऱ्यावर कुठेच नाही, तो अहवालात. आणि बीड जिल्ह्यातले एक मोठे ग्रामीण कर्ज या दोन्हींत नाही. ऊसतोडीला जाणारे जोडपे मुकादमाकडून उचल घेते. ती मुकादमाच्या डायरीत असते, फार तर नोटरीच्या स्टॅम्पवर. हंगामात उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या सालावर ओढली जाते, आणि माणूसही त्याच मुकादमाकडे ओढला जातो. किती टन तोडला, किती वळते केले, खाडे किती धरले, हे सगळे एकाच हाताने लिहिलेले. भाडेपत्रातला रयत आणि आजचा ऊसतोड मजूर यांच्यामध्ये कायद्यांची चळत उभी आहे, तरी पावतीच्या बाबतीत दोघांची अवस्था एकच. क्रेडिट रिपोर्टमधल्या चुकांवर परिषदा भरतात. या डायरीला १८७९ चे कलम ६५ लावावे असे कुणी म्हणत नाही.

अहवाल चुकला तर? पतमाहिती कंपनी स्वतःहून नोंद बदलत नाही, बँकेने दुजोरा द्यावा लागतो. म्हणजे लेखणी अजून धनकोच्याच हातात. फरक एवढा की आता तिला वेळेचे बंधन आहे. तक्रार तीस दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा नियम २६ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. १ सप्टेंबर २०२२ पासून या कंपन्या लोकपालाच्या कक्षेतही आल्या आहेत. १ जानेवारी २०२५ पासून बँकांनी माहिती दर पंधरवड्याला पाठवण्याचा नियम आला, त्यामुळे ‘महिनाभराने बघा’ हे उत्तर आता पुरत नाही. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने स्कोअर घटतो, ही भीती निराधार आहे. घटतो तो कर्जासाठी अनेक ठिकाणी अर्ज केल्यावर.

मे २०२५ मध्ये राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत मुख्यमंत्र्यांनी पीककर्जासाठी सिबिलचा आग्रह धरणाऱ्या बँकांवर गुन्हे दाखल करू, असे बजावले. इशारा योग्य होता, पण त्याने वही पुसली जात नाही. ट्रॅक्टर, घर, मुलीच्या शिक्षणाचे कर्ज, यांसाठी तीच वही उघडते.

म्हणून जुनी थकबाकी असेल त्याने बँकेच्या दारात जाण्याआधी चारही कंपन्यांचे अहवाल आणि आपला सातबारा समोरासमोर ठेवून वाचावा. जिथे चुकीची नोंद दिसेल तिथे लेखी तक्रार करावी, पोच घ्यावी. माफीचे प्रमाणपत्र, बेबाकीचा दाखला, तडजोडीचे पत्र जुन्या पेटीत असेल तर आजच काढून त्याची प्रत करावी; नसेल तर बँकेकडे अर्ज देऊन मागावे. आणि हे होईपर्यंत बाकीच्या कबुलीच्या कुठल्याही कागदावर सही करू नये. चारही अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतात. डिजिटल सहीच्या सातबाऱ्याला पंधरा रुपये पडतात.